थोरल्या बाईंचा गुरुवार: एका अंगणवाडी बीटमधले प्रकरण

जून २०२३ च्या बीट सभेला थोरल्या बाई राजीनामा लिहूनच आल्या होत्या. वहीतले दुरेघी पान, त्यावर चार ओळी, खाली सही. कारण लिहिले होते, 'प्रकृती साथ देत नाही.' मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हटले, "बाई, सभा आटपू दे, मग बसू." त्या बसल्या, पण सभाभर त्यांनी मान वर केली नाही.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका डोंगरी तालुक्यात पर्यवेक्षिका आहे. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या भागात, २४ अंगणवाड्या. त्या राजीनाम्यानंतर आम्ही बीटमध्ये शिकण्या-शिकवण्याची एक साधी घडी बसवली. तिच्यामुळे बायकांच्या झोपेत, बोलण्यात, घरातल्या वावरात जो फरक पडला, तो मी जवळून पाहिला. चुकाही झाल्या आणि त्यातल्या बऱ्याच माझ्या होत्या, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. गावांची आणि माणसांची नावे दिलेली नाहीत. टिपण थोरल्या बाईंना वाचून दाखवले. त्यांनी दोन ठिकाणी मजकूर गाळायला सांगितला, तो गाळला आहे.

## पार्श्वभूमी

थोरल्या बाई तेव्हा ५६ वर्षांच्या, अंगणवाडी सेविका म्हणून २७ वर्षे झालेल्या. बीटमध्ये सगळ्यांत जुन्या, म्हणून सगळ्या त्यांना थोरल्या बाईच म्हणतात. ज्या पोरांना त्यांनी मांडीवर घेऊन बडबडगीते म्हणायला लावली, त्यांचीच पोरे आता त्यांच्या अंगणवाडीत येतात. गावात कुणाची सून गरोदर आहे हे त्यांना सासूच्या आधी कळते, असे गावच म्हणते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हापासून सेविकेचे काम वाढतच गेले आहे. सहा वर्षांखालच्या मुलांचे वजन-उंची, पूरक आहार, शाळेआधीचे शिक्षण, लसीकरणाला मुले गोळा करणे, गरोदर आणि स्तनदा मातांच्या गृहभेटी, आजारी मूल दवाखान्यापर्यंत पोचवणे आणि या सगळ्याच्या नोंदी. थोरल्या बाईंच्या नोंदी पाहण्यासारख्या असत. अकरा रजिस्टरे, प्रत्येकाला खाकी कव्हर, लाल शाईचा समास, कुठे खोडले तर बाजूला सही. दुसऱ्या बीटच्या मॅडम नव्या सेविकांना 'रजिस्टर कसे असावे' हे दाखवायला त्यांच्याकडे घेऊन यायच्या.

८ मार्च २०१८ ला पोषण अभियान सुरू झाले आणि नोंदी हळूहळू फोनवर आल्या. १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आले. मुलाचे वजन आणि उंची टाकली की ते मूल ठीक आहे, मॅम म्हणजे मध्यम कुपोषित आहे की सॅम म्हणजे तीव्र कुपोषित आहे, हे अ‍ॅपच दाखवते. पूर्वी तक्त्यावर बोट ठेवून जे शोधावे लागे ते क्षणात समोर येते. ज्यांना फोन येतो त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे.

आमच्या तालुक्यात त्याचे प्रशिक्षण झाले ते एका दिवसात. हॉलमध्ये साठेक बायका, समोर पडदा, शिकवणारा मुलगा हुशार पण घाईत. मागच्या चार रांगांना पडद्यावरची अक्षरे दिसत नव्हती आणि दिसत नाहीत हे कुणी बोललेही नाही. मीही तिथेच होते. जेवण छान होते, हजेरीपत्रकावर सह्या झाल्या, 'प्रशिक्षण पूर्ण' असा अहवाल गेला.

## अडचण

कार्यालयाच्या भाषेत अडचण एवढीच होती की नोंदी प्रलंबित होत्या. तालुक्याच्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी यादी पडायची, राहिलेल्या केंद्रांची नावे लाल रंगात. माझ्या बीटमधली तीच ती नऊ-दहा नावे. मी ती यादी आमच्या बीटच्या ग्रुपवर ढकलायचे आणि खाली लिहायचे, 'कृपया आजच पूर्ण करावे.' दोन वर्षे मी हे करत होते.

सभा संपल्यावर थोरल्या बाईंशी बोलले तेव्हा खरी अडचण समजली. मुलाने घेऊन दिलेला फोन त्या टॉवेलात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवायच्या. रविवारी संध्याकाळी पुतण्या यायचा. त्या रजिस्टर वाचायच्या, तो आकडे टाकायचा. बदल्यात त्याच्या फोनला रिचार्ज. मे महिन्यात एका पोराची लांबी ७८.५ सेंटिमीटर होती, पुतण्याने घाईत ८७.५ टाकली. वजन ९ किलो २०० ग्रॅम. एवढ्या वजनाला ७८.५ लांबी असेल तर मूल ठीक, ८७.५ असेल तर सॅम. खेळते-हसते पोर यादीत तीव्र कुपोषित म्हणून आले, चौकशी झाली, आणि त्या पोराची आजी अंगणवाडीच्या दारात उभी राहून ओरडली, "आमच्या घरात खायला न्हाय व्हय गं? गावभर बदनामी केलीस!"

त्या आजीला पुतण्याने आकडा उलटा टाकला, हे सांगता येत नव्हते. सांगितले असते तर नोंदी आपण भरत नाही, हेही कबूल करावे लागले असते. बाई गप्प राहिल्या.

"मॅडम, फोन वाजला की छातीत धडधडतंय," त्या म्हणाल्या. "रातीला तीनला जाग येती. आज कुठली यादी आली असंल, हेच डोक्यात." प्राथमिक आरोग्य केंद्रात आदल्या वर्षीच त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. मग जरा थांबून म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं गावानं बाई म्हणून मान दिला. आता पुतण्याच्या मागनं वही घेऊन हिंडती मी."

हे वाक्य मला फार लागले. तोवर मी समजत होते की कामाचा बोजा वाढला म्हणून बायका थकल्या आहेत. बोजा होताच. पण ज्या कामात आपण गावात सर्वांत जाणत्या होतो, त्याच कामात आपण अडाणी ठरलो, याची लाज बोजाहून जड होती. थकलेले माणूस सुट्टी मागते, आणि बाईंनी तर नोकरीच सोडायला काढली होती.

पुढच्या दोन आठवड्यांत मी एकेक केंद्र फिरून पाहिले. २४ पैकी नऊ सेविका स्वतः नोंदी भरत नव्हत्या. मुलगी, सून, भाचा, शेजारचा कॉलेजातला पोरगा, कुणीतरी भरत होते. नऊही जणी पंचेचाळिशीच्या पुढच्या. आणि प्रत्येकीला वाटत होते की बीटमध्ये आपण एकटीच अशी आहोत.

## समोरचे पर्याय

राजीनामा पुढे पाठवणे हा सोपा मार्ग होता. शिकलेली तरुण सेविका आली असती, यादीतले एक लाल नाव कमी झाले असते. पण कुठल्या घरात बाळंतिणीला पोटभर मिळत नाही हे जे बाईंना कळते, ते भरतीच्या अर्जातून येत नाही. शिवाय एकीचा राजीनामा घेतला तर उरलेल्या आठ जणींना काय संदेश जाईल, हे मला दिसत होते.

दुसरा मार्ग, जे चालले आहे ते चालू देणे. घरचे पोरगे भरते आहे तर भरू दे, आकडे वेळेत जातात ना. खरे सांगायचे तर बरीच वर्षे मी हाच मार्ग धरला होता. त्याचा धोका ७८.५ आणि ८७.५ ने दाखवून दिला होता.

तिसरा, वरिष्ठांकडे पुन्हा प्रशिक्षण मागणे. मागितले. ते लगेच होणार नव्हते, पण त्याऐवजी 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर एका दुपारचे सत्र मिळाले. मी ते घेतले. डॉक्टर चांगले होते, त्यांनी श्वासाचे व्यायाम शिकवले, काही जणींचा रक्तदाब तपासला आणि तिघींना दवाखान्यात यायला सांगितले. ते उपयोगीच झाले. पण श्वासाच्या व्यायामाने फोन कपाटातून बाहेर येत नाही. आगीजवळ बसलेल्याला पंखा घालून किती थंडावा मिळणार?

चौथा पर्याय माझ्या हातात होता, पण त्याला पैसा नव्हता आणि लेखी आदेशही नव्हता. बीटमधल्याच ज्यांना येते त्यांनी ज्यांना येत नाही त्यांना शिकवायचे, दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी. मी गुरुवार ठरवला. थोरल्या बाईंना म्हटले, "बाई, राजीनामा माझ्या पर्समध्ये आहे. दिवाळीपर्यंत राहू दे. तेव्हाही द्यावासा वाटला तर मी स्वतः पुढे पाठवते."

त्या म्हणाल्या, "ठेवा. दिवाळी काय लांब न्हाय."

## काय केले, आणि कुठे चुकले

पहिला गुरुवार. शिकवायला मी २९ वर्षांची सेविका निवडली. डी.एड. झालेली, फोनवर बोटे भराभर चालणारी, मनाने मोकळी. नऊ जणी गोल करून बसल्या. अर्ध्या तासात माझ्या लक्षात आले की नऊही फोन आळीपाळीने तिच्याच हातात आहेत. "द्या इकडं काकी, मी करते," म्हणायची, चार वेळा बोट फिरवायची आणि "हे बघा झालं!" म्हणून फोन परत. बायका मान डोलवत होत्या. निघताना थोरल्या बाई एवढेच म्हणाल्या, "पुतण्या बी असंच करतोय."

दुसऱ्या गुरुवारी सहा जणी आल्या, तिसऱ्याला चार.

इथे थांबून विचार केला नसता तर सगळे तिथेच विझले असते. मी शिकवणारी बदलली. धरणाकडच्या वाडीची एक सेविका होती, ५१ वर्षांची. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत तीही भावजयीकडून भरून घ्यायची. भावजय माहेरी गेली ती दोन महिने आली नाही, तेव्हा हिने चुकत-माकत स्वतः शिकून घेतले. अजूनही हळू भरायची, मध्येच अडायची. तिला म्हटले, तू शिकव. ती घाबरली, "मलाच धड येत न्हाय." मी म्हटले, म्हणूनच.

आणि एक नियम केला, शिकवणारीने हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. फोनला हात लावायचा नाही. सांगायचे तोंडाने, करायचे शिकणारीने. पहिल्या दिवशी तिचे हात दर मिनिटाला पुढे यायचे आणि सगळ्या मिळून ओरडायच्या, "हात मागं!" खोलीत हसू आले ते त्या दिवसापासून.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले होते की 'हे मला जमेल' हा विश्वास माणसात चार वाटांनी येतो. स्वतः करून जमले की, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेले पाहिले की, कुणी धीर दिला की, आणि त्या घडीला अंगात धडधड आहे की शांतता आहे यावरून. हे मी नंतर वाचले. वाचताना डोळ्यांसमोर आल्या त्या या दोघी. २९ वर्षांची पोरगी फोन चालवते यात पंचावन्नच्या बाईला नवल वाटत नाही, ती म्हणते, पोरींना येतंच. पण आपल्याच वयाची, आपल्यासारखीच चष्मा शोधणारी बाई करते म्हटल्यावर 'माझं वय झालं' हे कारण उरत नाही.

चष्म्याचा विषय निघाला म्हणून इथेच सांगते. चौथ्या गुरुवारी थोरल्या बाईंना '६' आणि '८' यांतला फरक विचारला. त्यांनी फोन हातभर लांब धरला, मग खिडकीकडे गेल्या. मी दुसऱ्या एकीला विचारले, तिचेही तेच. रजिस्टरात आपले अक्षर मोठे काढता येते, म्हणून इतकी वर्षे अडले नव्हते. नऊपैकी चौघींना जवळचे दिसत नव्हते आणि त्यातल्या एकीलाही चाळिशीचा चष्मा नव्हता. दोन वर्षे ज्याला आम्ही 'यांना शिकता येत नाही' म्हणत होतो, त्यातले निम्मे दुखणे डोळ्यांचे होते! ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून घेतले. फोनमध्ये अक्षर मोठे करायची सोय असते, तीही सगळ्यांना करून दिली. आणखी एक लहान गोष्ट कळली. शेतात आणि चुलीशी काम करून ज्यांची बोटे खरबरीत, कोरडी झालेली, त्यांचा स्पर्श फोनला पटकन कळत नाही. बाईंना वाटायचे आपण चुकीचे दाबले. बोट ओल्या रुमालाला टेकवून पुसून घेतले की चालते. ही युक्तीही धरणाकडच्या सेविकेचीच.

अ‍ॅपला आम्ही तीन आठवडे हात लावला नाही. आधी स्वतःच्या कामाचे शिकायचे ठरले. कुणाला लेकीला आवाज पाठवायचा होता, कुणाला विजेचे बिल बघायचे होते. थोरल्या बाईंना हवे होते बँकेचा मेसेज वाचणे, मानधन जमा झाले का हे कळावे म्हणून. तोवर त्याही गोष्टीला पुतण्याच लागायचा. तो मेसेज त्यांनी पहिल्यांदा स्वतः उघडला, आकडा मोठ्याने वाचला आणि पदराने फोनची काच पुसली. नंतर अ‍ॅप शिकताना त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट मागितली, "चूक झाली तर मागं कसं यायचं ते आधी दावा." तो धडा मग आम्ही सगळ्यांसाठी पहिला केला. खोडून सही करता येते हे कळल्यावर रजिस्टरात हात मोकळा चालतो, तसेच हे.

## सर्वांत मोठे वळण

ऑगस्टअखेर एक गोष्ट घडली, ती मी ठरवलेली नव्हती. २९ वर्षांच्या सेविकेच्या केंद्रावर भेट दिली तर तिच्या नोंदी वेळेत, पण लहान बाळांच्या लांब्या महिन्यागणिक वर-खाली. बाळाची लांबी कमी कशी होईल? ती म्हणाली, "मॅडम, पोरं रडतात, पाय झाडतात, मी अंदाजाने घेते."

फोन चोख असून उपयोग नव्हता, कारण त्यात जाणारा आकडाच कच्चा होता.

पुढच्या गुरुवारी मी थोरल्या बाईंना म्हटले, आज तुम्ही शिकवा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजायची असते. बाईंनी लाकडी फळी जमिनीवर ठेवली, आधी तिच्यावर दुपट्याची घडी टाकून हाताने चोळून गरम केली आणि मोजायच्या वेळी दुपटे काढून घेतले. "गार फळी पाठीला लागली की पोर किंचाळतंयच." बाळाला लगेच झोपवले नाही. मांडीवर घेऊन 'चांदोबा चांदोबा भागलास का' म्हटले. मग आईला डोक्याकडे बसवले, "तू फकस्त डोकं फळीला टेकवून धर, आणि त्याच्या डोळ्यात बघ, माझ्याकडं न्हाय." एका हाताने दोन्ही गुडघे अलगद दाबून सरळ केले, दुसऱ्या हाताने सरकती फळी तळव्यांना भिडवली. टाच वर राहिलेली नाही हे वाकून पाहिले. आकडा वाचला. पुन्हा सगळे मोडून दुसऱ्यांदा मोजले. दोन्ही वेळा ७१.२.

"दोनदा सारखं आलं तर लिवायचं. न्हायतर न्हाय."

मग तरुण सेविकेला बसवले आणि स्वतः उठून उभ्या राहिल्या, हात पाठीमागे बांधून.

त्या दिवसापासून गुरुवारच्या दोन बाजू झाल्या. अर्धा वेळ जुन्या शिकणार, अर्धा वेळ जुन्या शिकवणार. सुनेला दोन घास जास्त मिळावेत म्हणून सासूशी कसे बोलायचे, जी पोरे अंगणवाडीत येतच नाहीत त्यांना कसे आणायचे, हे तरुण सेविका वहीत लिहून घेऊ लागल्या. माझ्या मते खरा फरक इथून पडला. नुसते शिकत राहिलेले माणूस कितीही शिकले तरी स्वतःला कच्चेच समजते. त्याला काहीतरी द्यायलाही मिळाले पाहिजे.

## वेळ कुठून आणला

हा मुद्दा छोटा वाटतो, पण सगळे त्यावर उभे होते. सुरुवातीला मी गुरुवार दुपारी तीनचा ठेवला होता, अंगणवाडी सुटल्यावर. म्हणजे त्यांच्या शेताच्या, पाण्याच्या, नातवंडांच्या वेळात. एकीच्या मालकांनी मला फोन केला, "पगार न्हाय, मानधन, आणि वर शाळा?" त्यांचे काय चुकले? नवीन शिकायचा वेळ कामाच्या तासांत धरला नाही, तर शिकणे हाही एक बोजाच होतो. मग महिन्याच्या बीट सभेत मी परिपत्रके वाचून दाखवण्यात जो दीड तास घालवायचे तो बंद केला. परिपत्रकांचा सार ग्रुपवर टाकू लागले आणि सभेचा निम्मा वेळ शिकण्याला दिला. बाकीचे गुरुवार दोन गटांत वाटले, जवळच्या केंद्रावर, सुटायच्या आधीचा एक तास, तेवढा वेळ मदतनीस मुले सांभाळायची.

लाल यादी ग्रुपवर टाकणे मी त्याच महिन्यात थांबवले. ज्यांची नोंद राहिली त्यांना एकटीला फोन करून विचारू लागले, "कुठं अडलंय?" वरून विचारणा झाली. मी सांगितले, दोन महिने द्या. मिळाले, हे माझे नशीब.

## निष्पत्ती

दिवाळीला थोरल्या बाई फराळाचा डबा घेऊन आल्या. राजीनाम्याचा कागद मी काढून समोर ठेवला. त्यांनी तो उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, म्हणाल्या, "पाठकोरा कागद हाय, पोरांना चित्रं काढायला हुईल," आणि पिशवीत टाकला.

नोव्हेंबरपर्यंत नऊपैकी सहा जणी आपल्या नोंदी आपण भरू लागल्या. दोघींना नवीन नाव नोंदवताना मदत लागायची, बाकी जमायचे. एकीने नोकरी सोडली. तिचे मालक पक्षाघाताने अंथरुणावर होते. तिला झोप येत नव्हती ती फोनमुळे नाही. तिच्यासाठी आमच्या गुरुवारकडे काही नव्हते, आणि हे मला फार उशिरा कळले. सगळ्या दुखण्यांना शिकणे लावू नये, हे तिच्यामुळे शिकले.

थोरल्या बाईंची रक्तदाबाची गोळी चालूच आहे, तिथे काही चमत्कार झाला नाही. पण पहाटे तीनला जाग येणे थांबले, असे त्या स्वतःहून म्हणाल्या. फोन आता कपाटात नसतो, चुलीशेजारच्या फळीवर असतो. त्या आजीला त्यांनी बोलावून घेतले, पोराची लांबी तिच्यासमोर मोजली, फोनमध्ये तिच्यासमोर टाकली आणि हिरवा रंग दाखवला. मे महिन्यात काय झाले होते तेही सांगितले. हे त्यांनी मला विचारून केले नाही.

४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरातल्या सेविका-मदतनिसांचा संप झाला, तो ५२ दिवस चालला. गुरुवार अर्थातच बंद. जानेवारीच्या शेवटी परत बसलो तेव्हा दोघी बरेच विसरल्या होत्या. मला वाटले, झाले, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पण या वेळी त्यांनी ते लपवले नाही. "मॅडम, इसरले. परत दावा." दोन आठवड्यांत गाडी रुळावर आली. नोंदी किती झाल्या यापेक्षा हे 'इसरले' उघड बोलता येणे मी मोठे धरते.

## पुन्हा करायचे झाले तर

डोळे पहिल्याच दिवशी तपासेन. चार आठवडे आणि त्याआधीची दोन वर्षे वाया गेली.

दुसरे, सुरुवातीला काही मोजून ठेवले नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे, डब्ल्यूएचओ-५. मागच्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, सकाळी उठताना ताजेतवाने वाटले का, असे प्रश्न आणि प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. मला ती माहीत होती. ज्या बायका फॉर्मांनी पिचल्या आहेत त्यांच्यापुढे आणखी एक फॉर्म ठेवायचा नाही, म्हणून मी ती टाळली. तेव्हाचे कारण आजही पटते, पण त्यामुळे आज माझ्याकडे जे आहे ते पाहिलेले आणि ऐकलेले आहे, आकड्यात नाही. आता वाटते, कागद न देता गप्पांत पाच प्रश्न विचारून मी माझ्या वहीत लिहून ठेवू शकले असते.

तिसरी चूक जास्त बोचते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारचे केंद्र रिकामे झाले, तेव्हा त्याचा अतिरिक्त कार्यभार थोरल्या बाईंकडे देण्याला मी होकार दिला. कारण काय, तर 'आता त्यांना येतं.' तीन महिने त्या दोन केंद्रांच्या नोंदी भरत होत्या आणि एप्रिलमध्ये पुन्हा त्यांचा आवाज तसाच खोल गेलेला ऐकला. जी शिकली तिच्याच डोक्यावर ओझे टाकले, तर बाकीच्या बघत असतात. त्यातल्या एकीने मला तोंडावर सांगितले, "मॅडम, म्हणून आमी येतंय म्हणून सांगत न्हाय." कार्यभार काढून घ्यायला मला जूनपर्यंत भांडावे लागले. पहिल्याच दिवशी नाही म्हणायला हवे होते.

आणि त्या २९ वर्षांच्या पोरीला मी सुरुवातीला तोंडघशी पाडले. शिकवायचे कसे हे तिला कुणीच सांगितले नव्हते. हात मागे ठेवायचा नियम तिच्या आधी करायला हवा होता. ती आज उत्तम शिकवते, पण ते पहिले तीन गुरुवार तिला अजून आठवतात.

## त्यानंतर

१ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीच्या चेहऱ्याची ओळख पटवणे सक्तीचे झाले. आधार जोडायचा, त्याचा ओटीपी यायचा. आमच्याकडे तो नंबर पुष्कळदा मुंबईला कामावर असलेल्या नवऱ्याचा असतो. पहिल्या आठवड्यात २४ पैकी कुणालाच नीट जमेना, मलाही नाही. गुरुवारी थोरल्या बाईंच्या केंद्रावर एक नवी सेविका आली होती, लागून तीन महिने झालेली. फोन हातात धरून रडवेली झाली होती. मोठ्या बायकांसमोर आपल्याला येत नाही, हे तिच्या तोंडातून फुटत नव्हते.

थोरल्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, तिच्याशेजारी चटई ओढली आणि म्हणाल्या, "मला बी न्हाय येत अजून. बस, दोघी मिळून बघू." आणि सवयीने हात पाठीमागे बांधले.